इव्हॅल्युएशन अ‍ॅनालिस्ट म्हणजे दिवसभर नेमकं काय करतात? नागपूरच्या पोट्ट्याला जमेल का?

अंबाझरी_काठचा

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो, चहा घेऊन बसा.

मी २७, राहणार नागपूर. एमएस्सी पर्यावरणशास्त्र. तीन वर्षं झाली एका संस्थेत प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टनं लागलोय, नाव घेत नाही. काम काय, तर नाले आणि विहिरींचे पाण्याचे नमुने आणायचे, बीओडी सीओडी, म्हणजे पाण्यात घाण किती ते, काढायचं, एक्सेल भरायची, रिपोर्टला चकचकीत कव्हर लावून पाठवून द्यायचा. मानधन दोन-दोन महिने लटकतं ते सोडा, सवय झाली. माझं डोकं वेगळ्याच गोष्टीनं उठलंय. एका नाल्याचं पाणी आम्ही तीन वर्षं तपासून राहिलो, मधल्या काळात त्याच्या वरच्या अंगाला सांडपाण्याचा एक छोटा प्लांट झाला, फीत कापली, फोटो छापून आले. मी सरांना म्हटलं सर आपल्याकडे आधीचे पण आकडे आहेत आणि नंतरचे पण, प्लांटनं फरक पडला का ते एकदा बघू का. सर म्हणाले ते आपल्या स्कोपमध्ये नाही. विषय संपला.

मग रात्री सहज नेटवर शोधताना एक जाहिरात दिसली, वॉशिंग्टनच्या एका पर्यावरण फंडाच्या मूल्यमापन ऑफिसात इव्हॅल्युएशन अ‍ॅनालिस्ट हवाय. कामाचं वर्णन वाचलं तर मी सरांना जो प्रश्न विचारला होता तोच प्रश्न विचारायचे हे लोक पैसे घेतात! म्हणजे असं पद असतं हेच मले माहीत नव्हतं.

आता विचारायचं असं की हे लोक रोज उठून करतात काय, फिरतात का नुसते ऑफिसात बसतात, त्यासाठी इकॉनॉमिक्सच लागतं का माझं पर्यावरणशास्त्र चालेल, आणि नागपुरातून तिथपर्यंत कोणी गेलंय का. मला क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं, आर (आकडेवारीचं) थोडंफार, इंग्रजी लिहिता येतं पण बोलताना गाडी अडकते. बाबांचं एकच चालू आहे, एमपीएससी दे, वनसेवेत जा, डोक्याला ताप नाही. आईला मी काय काम करतो हेच अजून सांगता आलं नाही तर हे नवीन काय सांगू.

खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

---

धरमपेठची_लेक

अरे वा, गाववाला! मी धरमपेठेतली, आता वॉशिंग्टनला अकरा वर्षं. तू म्हणतोस तशाच एका ऑफिसात मी चार वर्षं अ‍ॅनालिस्ट होते, आता कन्सल्टंट म्हणून सुटी कामं घेते. गोड बोलू नका म्हणालास ना, मग ऐक.

आधी हे फंड म्हणजे काय ते. पर्यावरणातला एक जुना मोठा म्हणजे जीईएफ, ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी, १९९१ मध्ये सुरू झाला. दर चार वर्षांनी देश त्यात पैसे टाकतात, २०२२ मध्ये २९ देशांनी मिळून ५.३३ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. आपला भारत त्यात पैसे टाकतो पण आणि प्रकल्पांसाठी घेतो पण. जीईएफ स्वतः गावात जाऊन काम करत नाही, ते यूएनडीपी, एफएओ ह्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, वर्ल्ड बँक अशा १८ संस्थांमार्फत होतं. आता पैसा एवढ्या हातांतून जातो म्हटल्यावर शेवटी झालं काय हे बघायला एक वेगळं ऑफिस लागतं. ते फंडाच्या सीईओला उत्तर देत नाही, थेट देशांच्या कौन्सिलला देतं. ही गोष्ट कागदावर छोटी दिसते पण तुझ्या त्या सरांची गोष्ट आठव. स्कोपमध्ये नाही असं म्हणायचा अधिकार ज्याचं काम तपासायचं त्याच्याच हातात असला की सगळं तिथंच संपतं. वर्ल्ड बँकेचं आयईजी, रोमला आयफॅड ह्या शेतीच्या फंडाचं, मनिलाला एडीबी म्हणजे एशियन डेव्हलपमेंट बँकेचं, कोरियात सोंगडोला ग्रीन क्लायमेट फंडाचं, सगळी ऑफिसं ह्याच धर्तीवर आहेत.

दिवसभर काय करतात? पहिलं दीड वर्ष मी नुसतं वाचलं. खरंच सांगते, नुसतं वाचलं. प्रकल्प संपला की त्याचा शेवटचा मूल्यमापन अहवाल येतो, ८०-१०० पानं, कधी इंग्रजी, कधी फ्रेंच, कधी स्पॅनिश. तो वाचायचा, त्यांनी स्वतःला जे मार्क दिलेत त्याला अहवालात आधार आहे का ते बघायचं आणि आपले मार्क द्यायचे. सहा पायऱ्यांची पट्टी असते, अत्यंत समाधानकारकपासून अत्यंत असमाधानकारकपर्यंत, आणि प्रकल्प संपल्यावर फायदा टिकेल का ह्यासाठी वेगळी चार पायऱ्यांची. माझ्या हातात पहिलाच आला तो एका पाणथळ जागेचा प्रकल्प होता. अहवालात लिहिलेलं की २०० जणांना प्रशिक्षण दिलं, ३ आराखडे तयार झाले, ११ बैठका झाल्या, म्हणून समाधानकारक. मी पण भोळेपणानं समाधानकारक लिहून दिलं. माझी बॉस एक बाई होती, मितभाषी, तिनं कागद परत पाठवला आणि समासात पेन्सिलनं तीनच शब्द होते, पाणथळीचं काय झालं. मी परत सगळी ८६ पानं वाचून काढली. पाणथळीचं काय झालं ते कुठेच नव्हतं!

बस, हीच नोकरी आहे. बाकी त्याच्यावरचे मजले.

नंतर मग मोठ्या अभ्यासात घेतात. एखाद्या विषयाचे दीड-दोनशे प्रकल्प एकत्र काढायचे, प्रत्येकातून ठरलेले ३०-४० मुद्दे एका तक्त्यात भरायचे, ह्याला पोर्टफोलिओ रिव्ह्यू म्हणतात. त्यातून काही देश निवडून तिथं जायचं. फिरणं मला वर्षाला दोनदा-तीनदा मिळायचं, तेही दहा-बारा दिवस, त्यातले चार दिवस राजधानीत मंत्रालयांच्या सोफ्यांवर. फोटोत बोट आणि जंगल दिसतं, फोटो काढून झाल्यावर रात्री दोन वाजता हॉटेलात नोट्स टाइप करत बसलेली मी कोणी बघत नाही.

आणि एक, मार्क देण्याचे निकष. १९९१ मध्ये ओईसीडी ह्या श्रीमंत देशांच्या गटाच्या डॅक समितीनं, जी परदेशी मदतीचं बघते, पाच दिले, गरजेला धरून होतं का, उद्दिष्ट साधलं का, पैशाच्या मानानं नीट झालं का, खोल परिणाम काय, टिकेल का. २०१९ मध्ये सहावा घातला, बाकीच्या कामांशी मेळ बसतो का. इंटरव्ह्यूला हे विचारतातच. पण पाठ करून म्हणू नको, तुझ्या त्या नाल्याच्या प्लांटला लावून दाखव, तिथंच निम्मं काम होईल.

पर्यावरणशास्त्र चालतं, उलट हवं असतं, इकॉनॉमिक्सवाले ढीगभर आहेत. बोलताना अडकणं ही अडचण नाही रे, लिहिताना अडकणं ही अडचण आहे. बाकी नोकरी कशी मिळते ते रात्री लिहिते, इथं आता सकाळ आहे आणि मला मीटिंग आहे.

---

वणीवाला

ताईचं सगळं बरोबर आहे पण ते पार वरच्या मजल्यावरून दिसते तसं आहे. आता तळमजल्यावरचं ऐक गा.

मी चौदा वर्षं झाली सर्व्हे करून राहिलो. यवतमाळ, वर्धा, वाशिम, अमरावती, खाली गडचिरोली. कोणाचाही इव्हॅल्युएशन असो, दिल्लीचा असो का अमेरिकेचा, शेवटी फॉर्म भरायला आमच्यासारखाच बाईकवर जाते. अहवालात आमचं नाव फील्ड टीम म्हणून एका ओळीत येते, तेही आभाराच्या पानावर, कधी कधी तेही नाही.

तुला एक किस्सा सांगतो. शेततळ्यांची तपासणी होती. यादीत एका गावात चार शेततळी, चारही पूर्ण, चारही फोटोसकट. गेलो, तर तळं एकच. चार बाजूनं चार फोटो. एकात पळसाचं झाड उजवीकडं, एकात डावीकडं, बस इतकाच खेळ. आणि त्या एका तळ्यात पन्नी, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळाला टाकतात ते प्लास्टिक, नव्हती. शेतकऱ्याला म्हटलं काका पन्नी कुठं गेली, तर त्यानं हात करून दाखवलं, सोयाबीनची गंजी झाकली होती तिनं. अन् चुकीचं काय केलं बाप्पा त्यानं? ऑक्टोबरात पाऊस आला तर तळं भिजलं तरी चालते, सोयाबीन भिजून कसं चालंल.

आता मजा बघ. माझ्या टॅबलेटवर प्रश्न होता, शेततळं अस्तित्वात आहे का, हो किंवा नाही. पन्नी आहे का, हो किंवा नाही. ती सोयाबीनवर आहे हे लिहायला जागाच नव्हती! मी शेरा म्हणून लिहून दिलं, वर कोणी वाचलं का देव जाणे.

दुसरं म्हणजे समाधानी आहात का, १ ते ५ मध्ये सांगा, हा प्रश्न ज्यानं शोधला त्याला एकदा झरी-जामणीत उन्हात उभा करायला पाहिजे. गावात पाहुणा आला, पाण्याचा गडवा दिला, खाट टाकली, तो विचारते योजना बरी होती का. हौ म्हणतील ना बाप्पा! कोणती बाई तुला तोंडावर २ म्हणंल? एका मावशीनं मला ५ म्हटलं आणि मग विचारलं, भाऊ ५ म्हटल्यावर अजून एक हप्ता येते का. तेव्हापासून मी काय करतो, फॉर्म भरून झाला का टॅब बंद करतो आणि साधं विचारतो, मावशी, मागच्या मे महिन्यात पाणी कुठून आणलं. मग ती उठून चालत नेते आणि दाखवते. समदं तिथं समजते.

म्हणून म्हणतो, वॉशिंग्टनला जायच्या आधी एक सीझन आमच्यासंग फिर. पैसे लै नाही मिळत, आधीच सांगतो.

---

आकडेमोड

वणीवाल्यांचा शेततळ्याचा किस्सा मी चोरणार आहे, विद्यार्थ्यांना सांगायला.

मी पुण्यात इकॉनॉमिक्स शिकवतो, मूळ आर्वीचा, अधूनमधून अशा अभ्यासांत आकड्यांची बाजू बघतो. अंबाझरी_काठचा, तू सरांना जो प्रश्न विचारलास ना, आधीचे आणि नंतरचे आकडे बघू का, तो चांगला आहे पण अर्धा आहे, रागावू नको. आधी आणि नंतर मधला फरक म्हणजे प्लांटचा परिणाम नाही. मधल्या काळात एखादा कारखाना बंद झाला असेल, पाऊस जास्त झाला असेल, नाल्यात नवी वस्ती जोडली गेली असेल. प्लांट झालाच नसता तर नाला कसा असता, हे कळायला पाहिजे, आणि ते तर कुणालाच दिसत नाही. ह्या पूर्ण धंद्यातली गंमत आणि डोकेदुखी एवढीच आहे, जे घडलंच नाही त्याचा अंदाज बांधायचा.

आपल्याकडचंच घे. जलयुक्त शिवार २०१४-१५ ला सुरू झालं. २०१४ आणि २०१५ महाराष्ट्राला पावसानं रडवलं, २०१६ ला बरा पडला. आता २०१५ च्या उन्हाळ्यातल्या विहिरी मोजल्या आणि २०१७ च्या मोजल्या तर बंधारा बांधला असो का नसो पाणी वर आलेलंच दिसणार. श्रेय कुणाचं, बंधाऱ्याचं का ढगांचं? कॅगचा अहवाल २०२० मध्ये आला तेव्हा ९ हजार ६०० कोटींच्या वर खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढवण्यात फारसं यश नाही असं त्यात म्हटलं, मग टीव्हीवर दोन्ही बाजूंनी भांडणं झाली. त्या भांडणात तुलनेला कोणती गावं घेतली आणि पाऊस वजा केला का, हा प्रश्न मी तरी एकाही चॅनेलवर ऐकला नाही.

तर शेजारचं, योजना न मिळालेलं, बाकी सगळ्या बाबतीत सारखं गाव शोधायचं आणि दोन्हीकडचा फरक बघायचा. ऐकायला सोपं आहे. पण योजना कोणत्या गावाला मिळते? जिथला सरपंच चळवळ्या असतो त्याला. मग फरक बंधाऱ्याचा का सरपंचाचा? म्हणून मग चिठ्ठ्या टाकून गावं निवडायची पद्धत आली, बॅनर्जी, डुफ्लो, क्रेमर ह्यांना २०१९ चं नोबेल त्याच वाटेच्या कामासाठी मिळालं. डुफ्लो आणि तिच्या सहकाऱ्यांचा ओडिशातला सुधारित चुलींचा अभ्यास जरूर वाच. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, मग लोकांनी चुली नीट ठेवल्या नाहीत, वापर घटला, आणि पुढच्या वर्षांत तब्येतीवर काही परिणाम दिसला नाही. प्रयोगशाळेत तीच चूल पास झालेली होती बरं का.

अर्थात पर्यावरणात चिठ्ठ्या टाकणं बहुतेक वेळा जमत नाही. तू पेंचला म्हणू शकत नाहीस की बाबा नाणेफेक हरलास, तू अभयारण्य नाहीस. म्हणून ह्या क्षेत्रात आडवाटेनं जावं लागतं आणि तिथं तुझं क्यूजीआयएस कामाला येतं.

ताईंशी एका बाबतीत पटत नाही. नुसतं अहवाल वाचून मार्क देणं म्हणजे दुसऱ्याच्या पेपरातल्या पानांची संख्या मोजण्यासारखं आहे. आकडे स्वतः गोळा केल्याशिवाय कळत नाही.

---

अंबाझरी_काठचा

बापरे, एका दिवसात एवढं! तर्री पोहे घेऊन बसलो होतो, पोहे थंड झाले वाचता वाचता.

आकडेमोड सर, रागावलो नाही पण चेहरा पडला हे खरं. कारण काल रात्री जोशात येऊन मी एक काम करून बसलो. रामटेककडच्या एका जंगल पट्ट्यात गावांना गॅस कनेक्शन वाटलेत, म्हणजे सरपणाचा ताण कमी व्हायला पाहिजे, तर जंगल वाढलं का बघू म्हटलं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फुकट इमेज उतरवल्या, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या, एनडीव्हीआय म्हणजे हिरवाईचा आकडा काढला, वजाबाकी केली. तर निघालं काय, जंगल निम्मं गायब! लालच लाल नकाशा. मला वाटलं आता मोठा घोटाळाच सापडला, पेपरवाल्यांना फोन करायचा राहिला होता फक्त.

---

मातीकाका

थांबा, फोन करू नका.

मी माती आणि जमीन वापराच्या सर्वेक्षणातून निवृत्त झालो, नागपुरातच असतो, त्यामुळे विचारतो. पहिली इमेज कोणत्या महिन्यातली आणि दुसरी कोणत्या?

---

अंबाझरी_काठचा

पहिली ऑक्टोबरची, दुसरी मार्चअखेरची काका. ढग नसलेल्या त्याच मिळाल्या.

---

मातीकाका

मग काही गायब झालेलं नाही. रामटेककडे साग आहे. साग फेब्रुवारीपासून पानं टाकायला लागतो आणि मार्चअखेर नुसत्या काठ्या उभ्या असतात. एनडीव्हीआय पानांचा हिरवेपणा मोजतो, झाडं मोजत नाही. तुम्ही पानगळीचा नकाशा काढलात. छान निघाला असेल.

लाजू नका, आमच्या काळात छापील इमेजवर ट्रेसिंग पेपर ठेवून रंगीत पेन्सिलनं हद्दी काढायचो, तेव्हाही नवीन आलेला प्रत्येक मुलगा एकदा ही चूक करायचाच. महिना एकच घ्या, शक्यतो आठवडाही. सेंटिनेलचे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागी येतात, एक पिक्सेल १० मीटरचा, त्यामुळे ढगातूनही एखादी स्वच्छ तारीख सापडते. त्याच्या मागच्या काळासाठी लँडसॅट आहे, ती मालिका १९७२ पासूनची.

आणि उलटी चूकही सांगून ठेवतो, कारण ती जास्त महागात पडते. हिरवं वाढलं म्हणजे चांगलं झालं असं नाही. वरूड-मोर्शी भाग उन्हाळ्यात आकाशातून बघा, हिरवागार. ते संत्र्याचे बगीचे आहेत, खोल बोअरवर चाललेले, आणि त्याच भागात भूजलाचा उपसा भरतीपेक्षा जास्त झालेला आहे. नकाशा हिरवा होत गेला आणि खाली पाणी उतरत गेलं. जंगलातही रायमुनिया, म्हणजे घाणेरीचं झुडूप, माजला तर नकाशा हिरवाच दाखवणार. गवत गेलं, चितळाला खायला काही उरलं नाही, पण तुमच्या कॉम्प्युटरवर प्रकल्प यशस्वी. म्हणून इमेज बघितल्यावर निदान वीस ठिकाणी पायी जाऊन बघायचं. चपला झिजल्या पाहिजेत.

---

वणीवाला

काका, पटलं एकदम!

गॅसचं पण सांगतो. सिलिंडर घरात आहे म्हणजे मोळी बंद झाली असं समजू नको. सिलिंडर दिसते कुठं, तर कोपऱ्यात, वर टॉवेल टाकून, पाहुणा आला का चहाला. भाकर चुलीवर अन् अंघोळीचं पाणी तर चुलीवरच. एका कामात आम्ही ताणकाटा घेऊन फिरलो होतो, सकाळी सहाला जंगलातून बाया येतात त्या वाटेवर उभे राहायचो आणि मोळी काट्याला लटकवून वजन घ्यायचो, त्यांची परवानगी घेऊन बरं का. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या, दुसऱ्या दिवशी एक आजी म्हणाली, पोरा वजन घेऊन राहिलास तर भाव पण दे. पण त्या काट्यानं जे सांगितलं ते कोणत्याच फॉर्मनं सांगितलं नव्हतं. मोळ्या कमी झाल्या नव्हत्या, पण फेऱ्या कमी झाल्या होत्या, तेही फक्त पावसाळ्यात. लाकूड ओलं असते ना, तेव्हा गॅस परवडते.

---

धरमपेठची_लेक

ह्या धाग्यावर एवढं सोनं निघेल असं वाटलं नव्हतं. ताणकाट्याची गोष्ट अहवालात आली असती तर मी तो अहवाल दोनदा वाचला असता.

आकडेमोड, तुमचं म्हणणं मान्य पण अर्धंच, परतफेड केली समजा! दीडशे अहवाल वाचल्यावर जे दिसतं ते एका गावात बसून दिसत नाही. प्रत्येक प्रकल्प म्हणतो आमच्या इथं सरकारी अधिकारी बदलले म्हणून अडलं. एकानं म्हटलं तर सबब, सत्तर जणांनी म्हटलं तर ती प्रकल्प आखण्यातली चूक आहे, अधिकारी बदलणारच हे धरून का नाही चाललात? हे वाचल्याशिवाय दिसत नाही.

आता नोकरीचं, कारण मुलगा मूळ प्रश्न त्याचाच विचारून बसलाय.

सरळ नागपुरातून वॉशिंग्टनची अ‍ॅनालिस्टची जागा मिळणं, होतं क्वचित, पण त्यावर आयुष्य लावू नको. बहुतेक जण आधी सुट्या कन्सल्टंटच्या दारानं शिरतात. वर्ल्ड बँकेच्या पद्धतीत त्याला एसटीसी म्हणतात, आर्थिक वर्षात जास्तीत जास्त १५० दिवसांचं काम, दिवसावर पैसे, रजा नाही, विमा स्वतःचा स्वतः बघ. मी तशी दोन वर्षं काढली. जून आला की करार वाढतो का नाही ह्या काळजीनं झोप उडायची, घरी आईला सांगायचे कायम आहे म्हणून. आणि २०२५ पासून तर बाजार फार वाईट आहे. यूएसएड ह्या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतीच्या संस्थेचं काम जानेवारीत अडवलं आणि १ जुलैला ती संस्थाच बंद केली, पंधरा-पंधरा वर्षं अनुभव असलेली माणसं आता तुझ्याच जाहिरातीला अर्ज टाकतायत. हे तुला कोणी सांगणार नाही, कोर्स विकणारे तर नाहीच नाही.

पण भारतात चित्र वेगळं आहे. कंपनी कायद्याखाली सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा, २ टक्के खर्च तर माहितीच आहे, जानेवारी २०२१ पासून त्यात नवीन नियम आला. ज्या कंपनीचा सीएसआर वर्षाला सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे तिनं १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचंच. त्यामुळे कामं खूप निघाली. त्यातली बरीच रद्दी आहे, आठ दिवसांत गाव बघून छान छान लिहून देतात, पण शिकायला वाव आहे. शिवाय सरकारी बाजूला नीती आयोगाचं मूल्यमापन ऑफिस डीएमईओ, तिकडे ३आयई आणि जे-पॅलसारख्या परिणाम मोजणाऱ्या संस्था, आणि राज्यात वर्ल्ड बँकेच्या कर्जावरचा पोकरा हा शेतीचा प्रकल्प आहे, तुमच्या विदर्भात त्याआधी आयफॅडचा केम हा शेतीचाच प्रकल्प होऊन गेला. अशा प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला सुरुवातीचा आणि शेवटचा सर्व्हे करून घ्यावाच लागतो, ते काम करणाऱ्या संस्थांना तुझ्यासारखी मुलं लागतात. मूल्यमापन आपल्याकडे काही आत्ता आलेलं नाही बरं का, नियोजन आयोगाच्या काळात १९५२ मध्येच त्यासाठी वेगळी संघटना काढली होती.

मी तुझ्या जागी असते तर पहिलं काय केलं असतं माहितीये? आयईजी, जीईएफ, आयफॅड, सगळ्यांचे अहवाल त्यांच्या साइटवर फुकट पडलेत. भारतातल्या प्रकल्पाचा एक उचल आणि त्यावर चार पानं लिही, दावा काय, पुरावा काय, कुठं जोड निसटली. फक्त चार पानं. मला अर्जासोबत प्रमाणपत्रांच्या थप्प्या येतात, आणि अशी चार पानं आजवर एकदाच आली. तिला घेतलं आम्ही. ती बाई जीवशास्त्राची होती, इकॉनॉमिक्सची नव्हे.

पीएचडी आत्ता नको. पोटापुरतं फ्रेंच मात्र सुरू कर.

---

आकडेमोड

चार पानांच्या बाबतीत पूर्ण सहमत. त्यात मी एकच घालीन, पाचवं पान तुझ्या नाल्याचं. तुझ्याकडे तीन वर्षांचे आकडे आहेत, प्लांटच्या वरच्या अंगाचे पण नमुने घेतले असशील तर तुझी तुलना तिथंच तयार आहे. वर पण सुधारलं आणि खाली पण तेवढंच सुधारलं, तर प्लांटचं काही नाही. फक्त आकडे संस्थेचे आहेत, परवानगी लेखी घे, नाहीतर शिकण्याच्या आधीच नोकरी जायची.

---

अंबाझरी_काठचा

सर वरचे नमुने आहेत!! दोन ठिकाणचे, पहिल्या वर्षापासून. तेव्हा आम्ही कंटाळून शिव्या घालायचो की एवढ्या वर कशाला पाठवतात म्हणून. परवानगीचं पत्र उद्याच टाईप करतो, काय उत्तर येते बघू.

साग प्रकरण घरी सांगितलं. बाबा पोट धरून हसले, म्हणे वनसेवेत गेला असता तर पहिल्या आठवड्यात समजलं असतं. आता ह्यावर काय बोलू.

मातीकाका, ऑक्टोबर-ऑक्टोबर घेऊन परत काढला. फरक जवळजवळ नाहीच, दोन-तीन ठिपके सोडले तर. ते ठिपके बघायला येत्या रविवारी गाडी घेऊन जाणार आहे, तुम्ही येता का? पेट्रोल माझं.

ताई, फ्रेंचचा क्लास शोधतो. अहवाल निवडला की इथंच टाकतो, लाल पेन तयार ठेवा.

आणि वणीवाले दादा, सीझन कधी सुरू होते? मी खरंच विचारून राहिलो.

---

मातीकाका

येतो. पण सकाळी सहाला निघू, उन्हं चढल्यावर माझ्याच्यानं चालवत नाही. जीपीएस मोबाइलमधला चालेल, वही मात्र कागदाची आणा.

---

वणीवाला

सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. त्याआधी गावात कोणाला बोलायला वेळ नसते, जाऊन फायदा नाही. गणेशपेठ स्टँडवरून पहिली वणी पकड, उतरल्यावर फोन कर. टोपी आणजो, दुपट्टा आणजो. अन् ती पाण्याची बाटली बॅगेतच ठेवजो, मावशीनं गडवा दिला तर त्यातलंच प्यायचं, नाहीतर ती तुले पाचच सांगन.